वेब डेव्हलपरची अवजारं: बेळगावातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापुरात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून मी वेबसाइट करते. गिऱ्हाइकं म्हणजे साडीवाले, सहकारी सोसायट्या, उद्यमबागेतले कारखानदार, खानापूरकडचे एक-दोन होमस्टे. बारशाला गेले तरी कोणीतरी 'अक्का, एक विचारायचं होतं' म्हणून बाजूला घेतं, आणि पहिला प्रश्न हमखास लॅपटॉपचा असतो. माझा अनुभव असा की आपल्याकडे काम लॅपटॉपमुळे फारसं अडत नाही. अडतं ते करंटमुळे आणि अक्षरांमुळे. म्हणून खाली लॅपटॉपला थोडी आणि अक्षरांना बरीच जागा दिली आहे.

पोराला वेब डेव्हलपमेंट शिकायचं आहे. कुठला लॅपटॉप घेऊ?

आधी घरात जो आहे तो उघडून बघा. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट (वेब पानाचा सांगाडा, सजावट आणि हालचाल यांच्या भाषा) शिकायला आठ जीबी रॅमचं जुनं मशीन वर्षभर सहज पुरतं. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवून घ्या. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घेणारं मशीन मग पाऊण मिनिटात उघडतं. एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

नवाच घ्यायचा असेल तर सोळा जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा, प्रोसेसर कोअर आय-फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह यांपैकी कुठलाही चालेल. रॅम का लागते? एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), तीस टॅब उघडलेला ब्राउझर, नोडचा (आपल्याच मशीनवर जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर आणि डिझाइनची फिग्मा फाइल एकाच वेळी चालू असते म्हणून. दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: रॅम नंतर वाढवता येते, की बोर्डावर पक्की बसवलेली आहे? पातळ, देखण्या लॅपटॉपात ती बहुधा पक्की असते. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. पोरगं 'कोडिंगसाठी लागतं' म्हणत असेल तर त्याला गेम खेळायचे आहेत.

डेस्कटॉप त्याच पैशात जास्त जोरदार मिळतो ना?

मिळतो. पण लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती मुदत. तेवढ्यावर तासभर काम करू असं कोणी मनात आणू नये.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त असाल तर त्याच्या मागची बाजू बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना एक बटण असतं, त्याचं एक टोक यूपीएस मोडचं. ते लावलेलं नसेल तर करंट गेल्यावर इन्व्हर्टर जागा होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पंख्याला तो क्षण कळतही नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, राउटर. लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर मेलेला, मग सर्व्हरवर फाइल चढवायची कशी? राउटर बहुतेक बारा व्होल्टवर चालतो, आणि त्याच्यासाठी तळहाताएवढा छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर जुळवून घ्या. जुलै-ऑगस्टात माझ्या खोलीतलं सगळ्यात उपयोगाचं अवजार हेच असतं.

वळवाच्या पावसात काय सांभाळायचं?

हे मी पैसे मोजून शिकलेय. एका मे महिन्यात दुपारी चार वाजता आभाळ काळं झालं, मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि शहाणपणा केल्यासारखी बसून राहिले. नेटची तांब्याची वायर मात्र शेजारच्या गच्चीवरून राउटरमध्ये आणि राउटरमधून लॅपटॉपमध्ये तशीच होती. जवळच वीज पडली. राउटर गेला आणि लॅपटॉपचं केबलचं पोर्टही गेलं. बाकी मशीन वाचलं, पण ते पोर्ट आजही बंद आहे.

तेव्हापासून गडगडाट सुरू झाला की दोन्ही वायरी काढते. आता फायबर आहे, काचेच्या तंतूतून करंट येत नाही. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमधून मात्र येऊ शकतो, तेव्हा तोही काढायचा.

विंडोज १०चा सपोर्ट संपला. जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा का?

नका देऊ. १४ ऑक्टोबर २०२५ला तो संपला हे खरं, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली धडधाकट मशीनंही बाद ठरतात. त्यांवर लिनक्स मिंट टाका, ती विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. शिकणाऱ्याचा त्यात फायदाच आहे, कारण तुमची वेबसाइट शेवटी ज्या सर्व्हरवर जाणार तो बहुतेक लिनक्सवरच चालत असतो.

मॅक लागतोच का?

आयफोनचं अ‍ॅप करायचं असेल तर हो, ते करायचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. वेबसाइटसाठी नाही.

कोड कशात लिहायचा?

व्हिज्युअल स्टुडिओ कोड. २०१५ला आला, फुकट आहे, आणि अडलात तर विचारायला दहाजण मिळतील. एक्स्टेन्शनचा, म्हणजे वरून जोडायच्या सोयींचा, डोंगर करू नका. प्रेटिअर (कोड नीट मांडतो), ईएसलिंट (चुका दाखवतो) आणि लाइव्ह सर्व्हर (पान लगेच ब्राउझरात दाखवतो) एवढ्यावर मी पहिली दोन वर्षं काढली. फाइल आपोआप सेव्ह होण्याची सोय सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी चालू करा. का, ते वरच्या करंटच्या उत्तरात आलंच आहे.

एक इशारा: कोडच्या मध्ये मराठी किंवा कन्नड वाक्य आलं की एडिटरात कर्सर कधीकधी अक्षराच्या भलत्याच बाजूला उभा दिसतो. कोडिंगचे फॉन्ट इंग्रजीसाठी सारख्या रुंदीचे केलेले असतात, आपली जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत. म्हणून मजकूर कोडमध्ये पेरू नका. प्रत्येक भाषेची वेगळी जेसन फाइल (नाव आणि मजकूर अशा जोड्यांची साधी यादी) करा आणि तिथून उचला. ती फाइल गिऱ्हाइकाला तपासायला देणंही सोपं जातं.

गिट शिकायलाच हवं का? मी तर फोल्डरची कॉपी करून ठेवतो.

गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं अवजार. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' असे फोल्डर माझ्याकडेही होते. एकदा एका साडीच्या दुकानाचं काम चढवताना त्यातला चुकीचा फोल्डर गेला. दिवाळी आठ दिवसांवर, आणि साइटवर गुढीपाडव्याची सूट झळकतेय! मालकांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं, 'अक्का, आपलं कॅलेंडर कुठलं?'

गिट लिनस टॉरवाल्ड्सने २००५ला लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्यातले पाच-सहा हुकूम शिकायला एक रविवार पुरतो. रोज संध्याकाळी कमिट करा, म्हणजे बदलांची नोंद करा, त्यापुढे एक ओळ लिहा, गिटहब या साइटवर ढकला. खाजगी रिपॉझिटरी, म्हणजे कामाचं कपाट, तिथे फुकट मिळते. पासवर्ड आणि पेमेंटच्या चाव्या असलेली डॉट-एन्व्ह फाइल मात्र कधीही चढवायची नाही. चुकून चढलीच तर नुसती पुसून भागत नाही, कारण गिट जुनं सगळं लक्षात ठेवतं. चावी बदलावी लागते.

आम्ही मराठी मजकूर वर्डमध्ये पाठवला, तर तुम्ही तो पुन्हा टाइप करायला का सांगता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा थोडा रागात असतो. तेव्हा सावकाश सांगते.

लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं जुने डीटीपी फॉन्ट चालत आलेत. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. म्हणजे कॉम्प्युटरला तुम्ही 'कुंदा' लिहिलाय हे ठाऊकच नसतं. तो फॉन्ट माझ्या मशीनवर नसला की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची भेळ दिसते. वेबसाइटवर टाकली तर वाचणाऱ्याच्या मोबाइलवरही तीच भेळ, आणि गूगलला तर काहीच कळत नाही. कन्नडचीही हीच गत: नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात लिहिलेलं पत्र आलं की तीच कहाणी.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' हा देवनागरी 'क' म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कुठलाही असो. जुन्याचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मीही वापरते, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ही अदलाबदल जोडाक्षरापाशी चुकते. 'स्थिती', 'भक्तिगीत', 'सर्व' असे शब्द बघा, वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले सापडतील. दहा ओळींचा मजकूर असेल तर पुन्हा टाइप करणं लवकर होतं, म्हणून तसं सांगते.

पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीचंही असंच, दिसते छान आणि चिकटवली की मोडते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज म्हणून लिहून पाठवा, मला तो सोन्यासारखा.

मग टायपिंग कसं करायचं? इंग्रजीत लिहून मराठी होणारं चालेल का?

मोबाइलवर चालेल. पण दिवसभर लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्डची मांडणी शिका. पहिले पंधरा दिवस चिडचिड होते. त्यानंतर एक गंमत कळते, आणि ती आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांच्या फारच कामाची आहे: भारतीय लिप्यांसाठी या कीबोर्डची मांडणी एकच आहे. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत 'क', कन्नडमध्येही 'क'. 'डी'वर पाय मोडायची खूण, दोन्हीकडे. शिफ्ट धरून 'एन' दाबलं की 'ळ', दोन्हीकडे. मला कन्नड वाचायला येतं ते बसच्या पाट्यांपुरतं, पण शेजारच्या काकांनी सांगितलेलं वाक्य मी न अडखळता टाइप करू शकते, कारण बोटांना जागा माहीत आहेत. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस एकत्र दाबायचं.

साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत हवी. एक फॉन्ट सुचवा.

तिन्हीला पुरेल असा एकच फॉन्ट बघत बसू नका, जोडी बघा. पॉपिन्स अनेकांना आवडतो आणि त्यात देवनागरी आहे, पण कन्नड नाही. तिथे ब्राउझर आपल्या मनाने दुसराच फॉन्ट लावतो आणि पान तिरळं दिसतं. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड ही साधी, निर्धोक जोडी. मथळ्यांना जरा गुबगुबीत अक्षर हवं तर बलू टू आणि बलू तम्मा टू. मजकूर लांबलचक असेल, एखाद्या वाचनालयाची साइट वगैरे, तर टिरो देवनागरी मराठी आणि टिरो कन्नड मला फार आवडतात. सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

आता सीएसएसमधल्या चुका. इंग्रजी टेम्प्लेटांत मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. मराठीत ते आलं की शिरोरेघ तुटते आणि 'बेळगाव'चे दात पडल्यासारखे दिसतात. मराठी-कन्नडसाठी ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) इंग्रजीपेक्षा वाढवा. मराठीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, कन्नडमध्ये तर जोडाक्षराचा ओत्तु खाली लोंबतो, आणि ओळी घट्ट असतील तर तो खालच्या ओळीच्या डोक्यावर टेकतो. बटणांत हे पहिल्यांदा दिसतं, खालचा भाग कापला जातो.

आणि प्रत्येक भाषेच्या मजकुराला लँग (भाषा सांगणारी एचटीएमएलची खूण) लावा, मराठीला एमआर, कन्नडला केएन. ज्या फॉन्टांत 'ल' आणि 'श'ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात, ते एवढ्या खुणेवर मराठी वळण दाखवतात. ऐंशीच्या घरातल्या एका गुरुजींनी मला 'तुमचा ल हिंदी आहे' म्हणून सांगितलं होतं. मला तोवर फरक दिसलाच नव्हता.

सभासदांच्या यादीत नाव आहे, पण शोधलं की सापडत नाही. असं का?

नावात 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' आहे का बघा. एका सोसायटीत 'कऱ्हाडकर' सापडेना म्हणून मी दोन दिवस घालवले. डोळ्याला दोन्ही 'कऱ्हाडकर' हुबेहूब एक. पण अर्धी यादी कॉम्प्युटरवर लिहिलेली, अर्धी मोबाइलवर. तो अर्धा 'र' दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारी जोडखूण घालून. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायच्या ठरलेल्या पद्धतीनेही) ते एक होत नाहीत. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, एका रूपाचं दुसरं करून घ्या. दोन ओळींचा कोड आहे.

याच जातीची दुसरी भानगड लांबीची. 'लक्ष्मी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, जावास्क्रिप्ट त्याची लांबी सात सांगते आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तो एकवीस बाइट खातो. फॉर्ममध्ये नावाला वीसची मर्यादा ठेवलीत तर 'लक्ष्मीनारायण' आडनावासकट बसायचा नाही. एसएमएसमध्येही इंग्रजी १६० अक्षरं मावतात, मराठी ७०.

भाषा बदलायच्या बटणावर झेंडे लावाल का?

नाही. एका गिऱ्हाइकाने मनापासून सुचवलं होतं, मराठीला भगवा आणि कन्नडला लाल-पिवळा. मी म्हटलं, अण्णा, दुकान चालवायचंय ना? भाषेचं नाव त्या त्या लिपीत लिहायचं, बास. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपल्या मेनूत त्याची तारीख नको.

गावाचं नाव मात्र दोन्ही तऱ्हांनी घाला. १ नोव्हेंबर २०१४पासून कागदोपत्री बेळगावी, पण शोधणारा 'बेळगाव'ही लिहितो. पत्त्यात एक आलं, तर परिचयाच्या मजकुरात दुसरं येऊ द्या.

साइट तपासायला महागडा फोन लागतो का?

उलट, स्वस्तातला जुना अँड्रॉइड ठेवा. तुमचं गिऱ्हाइक तोच वापरतं. यूएसबी वायरने जोडला की क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून (पान तपासायच्या अवजारांतून) फोनवरचं पान कॉम्प्युटरवर उलगडून बघता येतं. त्याच डेव्हटूल्समध्ये नेट मुद्दाम संथ करायची सोय आहे, ती लावून स्वतःची साइट एकदा उघडा, लाज वाटेल. कणकुंबीकडच्या एका होमस्टेची साइट मी घरच्या फायबरवर बघून खूश होते. मालकांना ती दिसेना, कारण त्यांच्याकडे रेंज यायची ती अंगणातल्या कट्ट्याच्या एका टोकाला. धबधब्याचे फोटो सहा-सहा एमबीचे होते. स्क्वूश या फोटो लहान करणाऱ्या साइटवर त्यांचं वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून ते दीडशे केबीवर आणले आणि कट्ट्यावरही साइट उघडली.

डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं?

डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता. तो तुमच्या, म्हणजे मालकाच्या नावावर. ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या फोनवर. डेव्हलपर मी असले तरी.

आता एआय कोड लिहून देतो. मग हे सगळं कशाला?

मीही वापरते, फॉर्मची किंवा टेबलची कंटाळवाणी कामं तो झरझर करतो. पण वरचा 'कऱ्हाडकर' त्याने आपणहून पकडला नाही, काय विचारायचं ते मला कळल्यावरच त्याने उत्तर दिलं. आणि त्याने लिहिलेलं कन्नड कन्नड माणसाने वाचल्याशिवाय मी साइटवर चढवत नाही. मराठीही तशीच, आपली आपल्याला वाचता येते एवढंच.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. बिघडलाय का?

लॅपटॉप बहुधा ठीक असतो, घराचं अर्थिंग ठीक नसतं. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपात चार्जरमधून गळणारा बारीकसा करंट अर्थच्या वायरीने निघून जायला हवा. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असून भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नसेल, तर तो तुमच्या मनगटात येतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी बसलात की जास्त जाणवतं. तीन पिनांचा मूळ चार्जर वापरा आणि वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या. आमच्याकडे त्याने पाटी उघडली तेव्हा अर्थची हिरवी वायर नीट स्क्रूला आवळलेली होती, आणि तिचं दुसरं टोक मीटरच्या पेटीमागे नुसतंच लोंबत होतं.